पर्णहीन ऋतूतील रंग : हिवाळी बागांची शोभिवंत झुडपे

उद्यानाची शोभा फुलांत असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फुलांचा बहर ओसरला, पाने गळाली की बागेचा हंगाम संपला असे मानले जाते आणि पुढील पालवी फुटेपर्यंत बागेकडे कोणी फिरकत नाही. युरोपातील, विशेषतः ब्रिटनमधील, उद्यानतज्ज्ञांनी मात्र ही समजूत बाजूस सारून एक वेगळाच प्रयोग यशस्वी केला आहे. पाने व फुले यांपैकी काहीही नसताना केवळ फांद्यांच्या आणि सालींच्या रंगांवर बाग उभी करावयाची, असा हा प्रयोग होय. लाल, शेंदरी, पिवळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्या फांद्यांची झुडपे समूहाने लावून तयार केलेल्या या बागांना ‘हिवाळी उद्याने’ म्हणतात.

ही झुडपे दूरच्या थंड प्रदेशातील आहेत, हे खरे. परंतु त्यांच्या संवर्धनामागील मूळ तत्त्व महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परके नाही. झाड केव्हा, कोठे आणि किती कापावे, हे ते तत्त्व आहे. त्याची ओळख करून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

उत्तरेकडील हिवाळा

या बागांची गरज समजण्यासाठी तेथील हिवाळा समजून घेतला पाहिजे. इंग्लंडमधील केंब्रिज हे नगर सुमारे ५२ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. दिवस आठ तासांहूनही लहान असतो. भर मध्यान्हीदेखील सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांपेक्षा अधिक उंच असतो आणि दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही ठिकाणच्या हिवाळ्यातील अंतर कळून येते.

नोव्हेंबर ते मार्च असे चार-पाच महिने तेथील बहुतेक वृक्ष निष्पर्ण असतात. आकाश करडे, जमीन काळपट, हवेत धुके. अशा दिवसांत वृद्धांनी, मुलांनी आणि आजारातून उठलेल्या माणसांनी घराबाहेर पडावे, चार पावले चालावे, यासाठी डोळ्यांना काही आकर्षण हवे. रंगीत फांद्यांची झुडपे नेमकी ही उणीव भरून काढतात. कललेल्या सूर्याचे तिरपे किरण त्यांच्यावर पडतात तेव्हा लाल फांद्यांचा ताटवा दुरून पेटल्यासारखा दिसतो.

प्रमुख जाती

या बागांतील अग्रमान डॉगवुड या झुडपाकडे जातो. त्याच्या तीन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली सायबेरिया, उत्तर चीन व कोरिया या भागांतील. शास्त्रीय नाव कॉर्नस आल्बा. ‘आल्बा’ म्हणजे पांढरी. लाल फांद्यांच्या झुडपाला हे नाव कसे, असा प्रश्न पडेल. परंतु ते त्याच्या पांढऱ्या फळांवरून पडले आहे. तिचा ‘सिबिरिका’ हा प्रकार प्रवाळासारख्या लाल रंगासाठी, तर ‘केसेलरिंगी’ हा जवळजवळ काळ्या-जांभळ्या फांद्यांसाठी प्रसिद्ध आहे.

दुसरी जात उत्तर अमेरिकेतील, कॉर्नस सेरिसिया. ओढ्यांच्या आणि दलदलीच्या काठांनी ती रानोमाळ वाढते. तिच्या लवचिक फांद्या तेथील मूळ रहिवासी टोपल्या विणण्यासाठी वापरीत आले आहेत. तिच्या ‘फ्लाविरामिया’ या प्रकाराच्या फांद्या हिरवट-पिवळ्या असतात. तिसरी जात खुद्द युरोपातील, कॉर्नस सँग्विनिया. तिचा ‘मिडविंटर फायर’ हा प्रकार बुंध्याशी पिवळा, मध्ये नारिंगी आणि शेंड्याकडे लाल असल्यामुळे एकाच झुडपात ज्वालेच्या तिन्ही छटा दिसतात.

डॉगवुडच्या खालोखाल विलोचा क्रम लागतो. महाराष्ट्रातील नद्यांच्या काठी आढळणारा वाळुंज हा वृक्ष विलोचाच भाऊबंद आहे. पांढऱ्या विलोचा ‘व्हिटेलिना’ हा प्रकार अंड्याच्या बलकासारखा पिवळा, तर ‘ब्रिट्झेन्सिस’ हा शेंदरी-लाल असतो. तिसरा गट रासबेरीच्या कुळातील काटेरी झुडपांचा. चीनमधील रूबस कॉकबर्नियानस आणि हिमालयातील रूबस बायफ्लोरस यांच्या जांभळट कांड्यांवर मेणचट पांढऱ्या भुकटीचा थर असतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात ही झुडपे चुना फासल्यासारखी पांढरीशुभ्र दिसतात. अर्थात, यांपैकी पहिली जात जमिनीला टेकलेल्या शेंड्यांनी मुळे धरून पसरत जाते. म्हणून लहान बागेत ती लावताना विचार करावा लागतो.

रंग येतो कोठून?

डॉगवुडची फांदी उन्हाळ्यात हिरवीच असते. पानांच्या छायेत ती कोणाच्या लक्षातही येत नाही. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले, थंडी पडू लागली की सालीच्या बाहेरील पेशींत अँथोसायनिन नावाचे लाल रंगद्रव्य साठू लागते. पाने गळून उजेड फांदीवर पडला की रंग अधिक गडद होतो. फांदीच्या सूर्याकडील बाजूस लाली जास्त व सावलीकडील बाजूस कमी, असेही पाहावयास मिळते. वसंत ऋतूत रस चढू लागला की लाली ओसरून फांदी पुन्हा हिरवी होते. पिवळ्या फांद्यांच्या प्रकारांत हे लाल द्रव्य फारसे तयार होत नाही.

अँथोसायनिन झाडाच्या उपयोगाचे काय, या प्रश्नाचा शास्त्रज्ञांनी कसून शोध घेतला आहे. थंडीत पेशींचे व्यवहार मंदावतात. परंतु सूर्यप्रकाश पडतच असतो. न वापरला गेलेला हा प्रकाश हरितद्रव्याच्या यंत्रणेस अपाय करतो. लाल द्रव्य त्यापुढे पडद्यासारखे काम करते. अमेरिकेत याच झुडपाच्या शरद ऋतूतील लाल पानांवर झालेले आणि २००१ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या मतास पुष्टी देणारे आहे.

थंडी सोसण्याची या झुडपाची शक्तीही विलक्षण आहे. दिवस लहान होणे ही पहिली सूचना आणि प्रत्यक्ष हिमकडाका ही दुसरी, अशा दोन टप्प्यांत ते हिवाळ्याची तयारी करते. मिनेसोटा विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात या तयारीचा सविस्तर अभ्यास झाला. पूर्णपणे थंडीला सरावलेल्या फांद्या प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानातूनही जिवंत राहतात, असे आढळून आले आहे.

येथे एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हा रंग केवळ कोवळ्या, एक-दोन वर्षांच्या फांदीवर असतो. फांदी जुनी झाली की तिच्या पातळ सालीखाली बुचासारखा थर तयार होतो आणि ती करडी, खरबरीत दिसू लागते. झुडूप मोकळे सोडले तर पाच-सात वर्षांत त्याचा बहुतेक भाग भुरकट होऊन रंग केवळ टोकांपुरता उरतो. म्हणजे रंग हवा असेल तर दरवर्षी नवी फांदी हवी आणि नवी फांदी हवी असेल तर जुनी कापली पाहिजे.

छाटणीचे तंत्र

झुडूप लावल्यानंतर पहिली दोन वर्षे त्याला कात्री लावीत नाहीत. मुळे बळकट होऊ देतात. त्यानंतर मार्चच्या अखेरीस, कळ्या फुटण्याच्या बेतात असताना, सर्व फांद्या जमिनीपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर कापल्या जातात. कापलेल्या खुंटांकडे पाहून नवख्याला झुडूप संपले असेच वाटते. परंतु मुळांत साठविलेल्या अन्नाच्या बळावर काही आठवड्यांतच जोमदार, सरळसोट धुमारे फुटतात आणि शरद ऋतूपर्यंत पुरुषभर उंचीची नवी फांदी तयार होते. नाशिककडील द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये जी खरड छाटणी करतात तिचे आणि या छाटणीचे नाते जवळचे आहे. जुनी काडी काढून नव्या काडीला वाट करून द्यावयाची, हेच दोन्हींचे सूत्र. फरक एवढाच की द्राक्षाची काडी पुढे घडासाठी राखली जाते, तर येथे काडी हेच पीक होय.

सर्व झुडपांना एकच नियम लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. ‘मिडविंटर फायर’ हा नाजूक वाढीचा प्रकार आहे. दरवर्षी मुळापाशी कापल्यास तो खंगतो. म्हणून त्याच्या सर्वांत जुन्या एक-तृतीयांश फांद्या तेवढ्या काढतात. जमीन हलकी असेल तर इतर जातींचीही एक वर्षाआड छाटणी करतात. विलोचे खोड हवे तर कंबरेइतके किंवा त्याहूनही उंच राखून त्याच्या माथ्यावर छाटणी केली जाते. रासबेरीच्या कुळातील झुडपांच्या वर्षभर उभ्या राहिलेल्या कांड्या वसंत ऋतूत जमिनीलगत काढून टाकतात.

छाटणीची किंमतही मोजावी लागते. ही झुडपे मागील वर्षाच्या फांद्यांवर फुलत असल्यामुळे छाटलेल्या झुडपाला त्या वर्षी फुले व फळे येत नाहीत आणि फळांवर येणारे पक्षी उपाशी राहतात. त्यामुळे जाणते माळी ताटव्यातील काही झुडपे आळीपाळीने न छाटता राखतात. छाटणीनंतर बुंध्याभोवती कुजलेल्या खताचा जाड थर देणे आवश्यक असते. दरवर्षी एवढे लाकूड घ्यावयाचे तर जमिनीला तितके परत द्यावे लागते.

ही विद्या उद्यानतज्ज्ञांनी नव्याने शोधलेली नाही. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या पाणथळ सखल भागात टोपल्यांसाठी विलोच्या काड्या पिकविणारे शेतकरी पिढ्यान् पिढ्या दर हिवाळ्यात आपली झुडपे जमिनीलगत कापीत आले आहेत. बुरुडकामासाठी लांब, सरळ, लवचिक काडी मिळावी एवढाच त्यांचा हेतू होता. हे ग्रामीण कसब शोभेच्या बागेने उचलले.

लागवड व मांडणी

या झुडपांची अभिवृद्धी अत्यंत सोपी व अल्पखर्ची आहे. हिवाळ्यात छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांचे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ते दोन-तृतीयांश जमिनीत खोचतात. पुढील शरद ऋतूपर्यंत बहुतेक काड्या मुळे धरतात. याप्रमाणे एका मातृवृक्षापासून दोन-तीन वर्षांत संपूर्ण ताटवा उभा करता येतो. ओलसर, भारी जमीन डॉगवुड व विलो यांना मानवते. जेथे पाणी साचून राहते म्हणून इतर झाडे लागत नाहीत, अशा जागा त्यांच्यामुळे उपयोगात येतात.

मांडणीचे काही संकेत अनुभवाने ठरून गेले आहेत. एकटेदुकटे झुडूप शोभत नाही. तीन, पाच, सात अशा समूहाने, पाऊण ते एक मीटर अंतरावर लागवड करतात. ताटव्यामागे यू किंवा हॉली यांसारखी सदाहरित झाडे असली की रंग उठून दिसतो. समोर पाणी असल्यास प्रतिबिंबामुळे शोभा द्विगुणित होते. जागा अशी निवडतात की सकाळचे अथवा दुपारचे तिरपे ऊन थेट फांद्यांवर पडावे. पायथ्याशी स्नोड्रॉपसारखी, ऐन थंडीत फुलणारी कंदवर्गीय रोपे लावतात. छाटणी होईपर्यंत त्यांचा बहर संपलेला असतो. त्यामुळे एकाच जागेचा दोनदा उपयोग होतो.

सार्वजनिक हिवाळी उद्याने

केंब्रिज विद्यापीठाचे वनस्पती उद्यान १८४६ साली सध्याच्या जागी खुले झाले. चार्ल्स डार्विनचे गुरू जॉन हेन्स्लो यांच्या प्रयत्नांतून ते साकारले. तेथील सध्याचे हिवाळी उद्यान १९७८-७९ मध्ये आखण्यात आले आणि पुढील अनेक उद्यानांना त्याने दिशा दाखविली. केंब्रिजजवळच अँग्लसी ॲबे येथे १९९८ साली हिवाळी फेरफटक्यासाठी एक स्वतंत्र नागमोडी वाट खुली करण्यात आली. प्रत्येक वळणावर फांद्यांचे नवे रंग सामोरे यावेत, अशी तिची रचना आहे.

हँपशायर परगण्यातील सर हॅरल्ड हिलियर उद्यानाचा इतिहास स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. रोपवाटिकेचा व्यवसाय करणाऱ्या हिलियर यांनी १९५३ पासून जगभरातील झाडाझुडपांचा हा संग्रह जमविला आणि १९७७ साली तो हँपशायर कौंटी कौन्सिलच्या स्वाधीन केला. आपल्याकडील जिल्हा परिषदेशी साम्य असलेली ही संस्था तेव्हापासून त्याचा सांभाळ करीत आहे. तेथील हिवाळी उद्यान १९९० नंतरच्या दशकात तयार झाले. एरवी ओस पडणाऱ्या महिन्यांत लोक उद्यानात येऊ लागले की उद्यानास उत्पन्न मिळते आणि माळ्यांनाही काम मिळते, हा या बागांचा व्यावहारिक लाभ होय.

हिमालयाची देणगी

या परदेशी बागांत भारताचाही वाटा आहे. हिवाळी उद्यानांत लाल फांद्यांमागे शुभ्र खोडांची जी राई हटकून दिसते ती हिमालयीन भूर्जाची असते. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, तोच हा भूर्जवृक्ष. त्याच्या सर्वांत पांढऱ्या सालीच्या प्रकाराला व्हिक्तोर झाकमाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. झाकमाँ १८२९ साली भारतात आला. पंजाब, काश्मीर आणि हिमालयाच्या दऱ्याखोऱ्यांतून त्याने वनस्पती गोळा केल्या. परतीच्या वाटेवर दख्खनमधून येत असता तो आजारी पडला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईत वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी निधन पावला. आज हिवाळ्यातील धुक्यात चमकणाऱ्या त्या शुभ्र खोडांशी महाराष्ट्राचा असा एक हृद्य संबंध आहे.

महाराष्ट्रापुरता बोध

डॉगवुडसारखी झुडपे महाराष्ट्राच्या मैदानी भागात लावण्याचा खटाटोप व्यर्थ होय. त्यांना दीर्घ, कडक हिवाळा लागतो. मग या माहितीचा येथे उपयोग काय? महाराष्ट्रातही पर्णहीन ऋतू आहे. मात्र तो थंडीमुळे नव्हे, तर पाण्याच्या टंचाईमुळे येतो. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाच्या तोंडापर्यंत आपली पानझडी जंगले उघडी पडतात आणि तेव्हाच सालींचे सौंदर्य प्रकट होते. सह्याद्रीच्या उतारांवरील नाण्याचे गुळगुळीत, फिकट खोड, अर्जुनाचा पांढुरका बुंधा, परसातील पेरूची सोलपटे निघणारी तांबूस साल ही त्याची नित्याची उदाहरणे होत. नगरपालिकांच्या उद्यानांतील हिरव्या रेघांचा पिवळा बांबू तर बारमाही रंगीत असतो.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे कांडोळ. सातपुड्याच्या व विदर्भाच्या खडकाळ टेकड्यांवर, जेथे इतर झाडे तग धरीत नाहीत, तेथे हा वृक्ष उभा असतो. पाने गळाल्यावर त्याची पांढरी-गुलाबी, कागदासारखी सुटणारी साल चांदण्यात इतकी चमकते की लोकांनी त्याला ‘भुत्या’ असे नाव दिले. त्याचा डिंक औषधी व औद्योगिक उपयोगाचा असून तो गोळा करणे हे अनेक आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. परंतु अधिक डिंकाच्या लोभाने खोडावर खोल घाव घातले की जखम भरून येत नाही, कीड शिरते आणि झाड वाळून जाते. अशा रीतीने कित्येक ठिकाणी कांडोळाची संख्या घटली आहे. छेद उथळ घेणे, कोवळ्या झाडांना हात न लावणे आणि घेतलेला छेद भरून येईपर्यंत झाडास विश्रांती देणे, एवढी शिस्त पाळल्यास डिंकही मिळतो आणि झाडही टिकते.

हिवाळी बागेतील माळी झुडूप जमिनीलगत कापतो आणि ते दरवर्षी अधिक तेजस्वी होऊन उभे राहते. डोंगरावरील कांडोळाला काही घाव बसतात आणि तो मरतो. कापणे दोन्हीकडे आहे. फरक ज्ञानाचा आहे. डॉगवुड मुळापासून फुटते म्हणून ते कापता येते, तर कांडोळाचे सारे जीवन त्याच्या खोडात आहे. कोणत्या झाडाचे बळ कोठे आहे हे जाणून मगच त्याला हत्यार लावावे, हा या विषयाचा खरा धडा होय.

तो गावोगाव पोचविण्याचे काम शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींना सहज करता येण्याजोगे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्यार्थ्यांना शिवारात नेऊन पानांवरून नव्हे, तर सालीवरून झाडे ओळखावयास शिकवावे. प्रत्येक सालीचा रंग, पोत व वास यांची नोंद करून घ्यावी. गावाच्या टेकडीवर कांडोळाची किती झाडे उरली आहेत आणि त्यांपैकी किती घायाळ आहेत, याची मोजणी ग्रामसभेपुढे ठेवावी. खडकाळ गायरानावर वृक्षारोपण करताना कांडोळाच्या रोपांचा आवर्जून विचार व्हावा. पाने नसलेल्या महिन्यांतही आपली भूमी उजाड नसते, हे ज्या गावातील मुलांना कळले, त्या गावातील झाडावर अविचाराने कुऱ्हाड पडण्याचा संभव कमी होतो.